इंटर्नशिपचा खरा फायदा कशात असतो? कॉलेजच्या मुलामुलींसाठी सोप्या भाषेत

तिसऱ्या वर्षाचं शेवटचं सेमिस्टर जवळ आलं की हल्ली बीए, बीकॉम, बीएस्सीच्या मुलांची एकच धावपळ सुरू होते, ओजेटीला, म्हणजे ऑन जॉब ट्रेनिंगला, कंपनी कुठली मिळणार. नवीन शैक्षणिक धोरण आल्यापासून महाराष्ट्रातल्या विद्यापीठांमध्ये हे ट्रेनिंग अभ्यासक्रमातच आलंय, साधारण ४ क्रेडिट, म्हणजे १२० तासांचं काम. कल्पना खूप चांगली आहे, माझा तिला पूर्ण पाठिंबा आहे. पण बऱ्याच ठिकाणी होतं काय तर मुलं कॉलेजचं पत्र घेऊन ओळखीच्या दुकानात नाहीतर काकांच्या ऑफिसात जातात, शिक्का आणि सही घेतात, हजेरीचा तक्ता एका बैठकीत भरून टाकतात आणि क्रेडिट जमा होतात. मुलांना मी दोष देणार नाही, कारण हे १२० तास नक्की कशासाठी आहेत, त्यातून मिळतं काय, कंपनी आपल्याला कशाला घेते, पैसे मागायचे की नाही, हे कोणी नीट बसून सांगितलेलंच नसतं. तेच इथे सांगायचंय.

आधी शब्दांचा गोंधळ काढून टाकू, कारण तीन-चार वेगळ्या गोष्टींना सगळेजण इंटर्नशिपच म्हणतात. ओजेटी हा डिग्रीचा भाग, त्याचे मार्क मिळतात. नुसती इंटर्नशिप म्हणजे सुट्टीत किंवा शेवटच्या वर्षात तुम्ही स्वतः मिळवलेलं काम, त्याला बहुतेक वेळा कायद्याची ठरलेली चौकट नसते, जे काय ठरतं ते तुमच्यात आणि कंपनीत. अप्रेंटिसशिप वेगळी, ती १९६१ च्या अप्रेंटिस कायद्याखाली येते, तिचा रीतसर करार नोंदवला जातो आणि स्टायपेंड द्यावाच लागतो. आणि काही कोर्सेसमध्ये हे सगळं सक्तीचंच आहे, म्हणजे एमबीबीएसला १ वर्षाची इंटर्नशिप केल्याशिवाय डॉक्टर म्हणून कायमची नोंदणीच होत नाही, सीएची आर्टिकलशिप आधी ३ वर्षांची होती ती २०२३ च्या नव्या स्कीममध्ये २ वर्षांची झाली, आणि लॉच्या मुलांना बार कौन्सिलच्या नियमाप्रमाणे ३ वर्षांच्या कोर्सला किमान १२ आठवडे आणि ५ वर्षांच्या कोर्सला किमान २० आठवडे करावे लागतात. आता डॉक्टर, वकील, सीए ही सगळी जुनी प्रोफेशन्स आहेत आणि या तिघांनीही पुस्तकावर पूर्ण विश्वास ठेवलेला नाही, काही काळ कामावर घालवल्याशिवाय माणूस तयार होत नाही हे त्यांनी नियमातच लिहून टाकलंय. बीए, बीकॉम, बीएस्सीवाल्यांसाठी मात्र हे आत्ता आत्ता सुरू होतंय.

आता मुख्य मुद्दा, इंटर्नशिपला किंमत का आहे. अर्थशास्त्रात एक कल्पना आहे, ऐकायला अवघड वाटते पण रोजच्या व्यवहारातली आहे, माहितीची विषमता. म्हणजे एखाद्या व्यवहारात एका बाजूला जे माहिती असतं ते दुसऱ्या बाजूला माहिती नसतं. यावरच्या कामासाठी जॉर्ज अ‍ॅकरलॉफ, मायकेल स्पेन्स आणि जोसेफ स्टिग्लिट्झ या तिघांना २००१ चं अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. हापूसची बंद पेटी घेताना आपण काय करतो, झाकण उघडून वरचा थर बघतो, वास घेतो, खालचा थर कसा निघेल ते घरी गेल्यावरच कळतं, म्हणून मग ओळखीच्या आंबेवाल्याकडूनच घ्यायचं असं आपण ठरवून टाकतो. फ्रेशर उमेदवार कंपनीसाठी असाच असतो. मार्कशीट, इंग्लिश, इंटरव्ह्यूला घातलेला शर्ट हा वरचा थर झाला. हा मुलगा वेळेवर येईल का, चूक झाली तर सांगेल की लपवेल, न समजलेली गोष्ट विचारेल का, एकच कंटाळवाणं काम आठ दिवस नीट करेल का, हे कुठल्याच मार्कशीटवर छापलेलं नसतं. आणि चुकीचा माणूस घेतला तर कंपनीचे काही महिन्यांचे पगार, शिकवणाऱ्याचा वेळ, बिघडलेलं काम असं सगळंच जातं. त्यामुळे कंपन्या नव्या माणसाला घाबरतात, आणि "अनुभव पाहिजे" असं लिहून मोकळ्या होतात, मग फ्रेशर म्हणतो अनुभव देणार कोण. हा जो तिढा आहे ना, इंटर्नशिप तो थोडा सैल करते. दोन महिने तुमचं काम बघितलेल्या माणसाला तुमच्याबद्दल अंदाज बांधत बसायची गरज उरत नाही. म्हणूनच मोठ्या कंपन्या आपल्याच इंटर्नपैकी चांगल्या मुलांना कोर्स संपायच्या आधीच ऑफर देऊन ठेवतात, कॅम्पसमध्ये ज्याला पीपीओ (प्री-प्लेसमेंट ऑफर) म्हणतात ते हेच.

ही माहिती उलट्या दिशेनेही जाते आणि माझ्या मते ते जास्त महत्त्वाचं आहे. तुम्हालाही कुठे माहिती असतं की एचआरचं काम दिवसभर कसं असतं? मायक्रोबायोलॉजी आवडते म्हणून फार्मा कंपनीच्या क्यूसी, म्हणजे औषधांची गुणवत्ता तपासणाऱ्या, लॅबमध्ये जायचं स्वप्न असतं, आणि तिथे गेल्यावर कळतं की दिवसातला अर्धा वेळ नोंदी लिहिण्यात जातो, प्रत्येक आकड्याखाली सही, खाडाखोड चालत नाही, चुकलं तर एका रेघेने खोडून बाजूला तारीख आणि सही. काहींना ही शिस्त मनापासून आवडते, काहींचा जीव गुदमरतो. दोन्हीत वाईट काही नाही, पण ते विसाव्या वर्षी कळलं तर एमएस्सीला कुठला विषय घ्यायचा ते बदलता येतं, अठ्ठाविसाव्या वर्षी कळलं तर फार जड जातं. इंटर्नशिप करून "हे काम मला नको" एवढंच कळलं तरी ती वाया गेली असं कृपया समजू नका.

मग प्रश्न येतो, याचा नोकरी मिळायला खरंच उपयोग होतो का की नुसतं म्हणायचं. यावर अमेरिकेत एक छान अभ्यास झाला, तो २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला. संशोधकांनी काल्पनिक उमेदवारांचे हजारो अर्ज खऱ्या जाहिरातींना पाठवले, काही अर्जांत शिकत असताना केलेली इंटर्नशिप होती, काहींत नव्हती, आणि मग कोणाला मुलाखतीसाठी फोन येतात ते मोजलं. इंटर्नशिपवाल्या अर्जांना मुलाखतीचे कॉल साधारण १४ टक्क्यांनी जास्त आले. म्हणजे एरवी १०० कॉल येत असतील तिथे ११४. आणि गंमत अशी की त्या जागा बिझनेस क्षेत्रातल्या असूनही बिझनेसची डिग्री असण्याने तसा काही फरक पडलेला दिसला नाही. आता तो देश वेगळा, तिथला बाजार वेगळा, हा आकडा उचलून पुण्याला किंवा नागपूरला चिकटवता येणार नाही. आणि १४ टक्के ही काही जादू पण नाही, फोन आला म्हणजे नोकरी लागली असं होत नाही. पण पदवीच्या नावापेक्षा प्रत्यक्ष कामाची एक ओळ जास्त बोलते ही दिशा तरी त्यातून दिसते.

आता ज्या फायद्याबद्दल कोणी फारसं बोलत नाही तो सांगते, आणि तो सगळ्यात मोठा आहे असं मला मनापासून वाटतं. कामाचा मोठा भाग असा असतो की तो कुठेच लिहिलेला नसतो, करणाऱ्यालाही तो शब्दांत सांगता येत नाही, तो शेजारी बसून बघूनच कळतो. उदाहरण बीकॉमचंच घेऊ कारण आपल्याकडे लाखो मुलं बीकॉम करतात. पुस्तकात जीएसटी शिकताना इनपुट टॅक्स क्रेडिट म्हणजे काय ते येतं, खरेदीवर भरलेला टॅक्स विक्रीवरच्या टॅक्समधून वजा करायचा, दोन मार्कांचा प्रश्न, सोपा. आता एखाद्या टॅक्स कन्सल्टंटच्या ऑफिसात महिन्याच्या मध्यावर जाऊन बसा. क्लायंटने १ लाखाचा माल घेतलाय, १८ टक्क्यांनी १८,००० टॅक्स सप्लायरला देऊन टाकलाय, बिल फाइलला लावलेलं आहे. पण सप्लायरने ११ तारखेच्या आत त्याचा आर-वन, म्हणजे विक्रीच्या बिलांचं रिटर्न, भरला नाही, त्यामुळे १४ तारखेला पोर्टलवर जो टूबी, म्हणजे आपल्या खरेदीच्या बिलांचा तक्ता, तयार होतो त्यात हे बिल दिसतच नाही, आणि टूबीत नाही म्हणजे क्रेडिट घेता येत नाही, आणि थ्रीबीची, म्हणजे टॅक्स भरायच्या रिटर्नची, तारीख २०. मधल्या सहा दिवसांत काय काय होतं बघा. टॅलीतलं पर्चेस रजिस्टर आणि टूबी समोरासमोर ठेवून एकेक बिल जुळवायचं, कुठे नंबरात एक शून्य जास्त पडलंय, कुठे पार्टीने जुनाच जीएसटी नंबर टाकलाय, कुठे बिल पुढच्या महिन्यात गेलंय. मग सप्लायरच्या अकाउंटंटला फोन, तो म्हणतो भरतो भरतो. आणि इकडे क्लायंटला सांगायचं की तुम्ही १८,००० दिलेत ते बरोबर आहे पण या महिन्यात ते परत खिशातून भरावे लागतील, आणि हे सांगताना तो चिडणार हे माहिती असतं.

हे शेवटचं, चिडलेल्या माणसाला शांतपणे सांगणं, कुठल्या सिलॅबसमध्ये आहे? कुठल्या पार्टीला गोड बोलायचं आणि कुठल्या पार्टीला लगेच लेखी मेल टाकायची हे ऑफिसातल्या जुन्या मॅडमना बरोबर माहिती असतं, त्या कधी कोणाला शिकवायला बसत नाहीत, पण त्यांच्या बाजूच्या खुर्चीत दोन महिने बसलं की ते आपोआप अंगात येतं. इंजिनिअरिंगचंही तेच. ड्रॉइंगवर टॉलरन्स, म्हणजे मापात किती फरक चालेल ते, लिहिलेला असतो, परीक्षेत त्याचं गणित येतं, पण चाकणला नाहीतर वाळूजला शॉपफ्लोअरवर उभं राहिल्यावर बघायला मिळतं की सकाळी मशीनवरचा पहिला भाग बरोबर निघतो आणि दुपारपर्यंत टूल झिजल्यामुळे माप हळूहळू सरकत जातं, आणि जुना ऑपरेटर मशीनचा नुसता आवाज ऐकून सांगतो की इन्सर्ट, म्हणजे टूलचं कापणारं टोक, बदला. त्या माणसाकडे डिग्री नसेल पण त्याच्याकडून जे शिकायला मिळतं त्याला तोड नाही, फक्त आपण त्याला मान देऊन "काका, हे तुम्हाला कसं कळलं" असं विचारायला पाहिजे.

म्हणूनच इंटर्नशिप निवडताना माझ्या मते एकच प्रश्न सगळ्यात आधी विचारायचा, मी तिथे कोणाच्या शेजारी बसणार आणि तो माणूस दिवसभर काय काम करतो. कंपनीचं नाव, ऑफिसचे फोटो, सर्टिफिकेटवरचा लोगो हे सगळं नंतर. खूप मोठ्या कंपनीत तुम्हाला इतर चाळीस इंटर्नसोबत एका हॉलमध्ये बसवून प्रेझेंटेशन दाखवली आणि शेवटी सर्टिफिकेट दिलं तर नाव मोठं मिळालं पण काम बघितलंच नाही. याउलट कोल्हापूरला शिरोलीच्या एखाद्या फाउंड्रीत, नाशिकला सातपूर किंवा अंबडच्या छोट्या युनिटमध्ये, जालन्याच्या एखाद्या बियाणं कंपनीत, सांगलीत हळदीच्या व्यापाऱ्याकडे, तालुक्याच्या गावी एखाद्या चांगल्या वकिलाकडे मालक स्वतः समोर बसलेला असतो, आणि ऑर्डर कशी येते, उधारी कशी वसूल होते, माल परत आला की काय करतात, हे सगळं एका खोलीत घडताना दिसतं. मोठ्या कंपनीतही चांगला मेंटॉर मिळाला तर सोनंच, आणि नावाचा उपयोग होत नाही असं मी अजिबात म्हणणार नाही, पुढच्या कंपनीचा एचआर ते नाव ओळखतो, वरच्या थरात ते चमकतंच. पण दोन्हीतलं एक निवडायची वेळ आली तर मी शेजारच्या माणसाला मत देईन.

घरी बसून ऑनलाइन केलेल्या इंटर्नशिपचा विषयही इथेच येतो. कोडिंग, डिझाइन, लिखाण, डेटाचं काम ऑनलाइन होऊ शकतं, नीट होतंही, पण मग आठवड्यातून दोनदा तरी कोणीतरी तुमचं काम उघडून त्यात काय चुकलं ते दाखवलं पाहिजे. नुसता व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप, महिन्याला तीन टास्क आणि शेवटी पीडीएफ सर्टिफिकेट असं असेल तर तिथे शेजारी कोणीच नाहीये. त्यापेक्षा तेच टास्क युट्युबवर बघून स्वतः केलेले बरे.

आता पैशांचं बोलू, कारण यावर बोलायला आपली मुलं फार लाजतात. साध्या इंटर्नशिपला किती स्टायपेंड द्यायचा याचा सरसकट कायदा आपल्याकडे नाही, त्यामुळे शून्यापासून चांगल्या पगाराएवढ्या रकमेपर्यंत काहीही मिळतं. फुकट इंटर्नशिपचा खरा प्रॉब्लेम मला असा दिसतो की ती फक्त ज्याचं घर मुंबई-पुण्यात आहे त्यालाच परवडते. हिंगोलीच्या किंवा गडचिरोलीच्या मुलाने पुण्यात दोन महिने रूमभाडं, मेस, बसचा पास हे सगळं स्वतःच्या खिशातून भरून फुकट काम करायचं म्हणजे घरच्यांनी कर्ज काढायचं. मग मोठ्या नावांच्या जागी त्याच त्या घरांतली मुलं जातात, त्यांचा बायोडेटा आणखी भारी होतो, आणि पुढे आपण म्हणतो की ग्रामीण मुलांकडे एक्सपोजर नाही. ही गोष्ट मला खरंच टोचते, आणि कॉलेजांनी आणि कंपन्यांनी याचा विचार करावा असं फार वाटतं, निदान राहण्या-जेवण्याचा खर्च तरी निघाला पाहिजे.

अमेरिकेत हा वाद कोर्टात गेला होता, तिथे २०१५ मध्ये न्यूयॉर्कच्या अपील कोर्टाने एक कसोटी सांगितली की या व्यवहारात मुख्य फायदा कोणाचा होतोय ते बघा. विद्यार्थ्याला शिकायला मिळतंय, त्याच्या कोर्सशी संबंध आहे, ठरलेल्या काळापुरतंच आहे, पगारी माणसाचं काम तो हिसकावत नाहीये, तर ती इंटर्नशिप. पण कंपनीने नोकर ठेवण्याऐवजी फुकटचा माणूस ठेवलाय असं दिसलं तर तो कर्मचारी आहे आणि त्याला पगार मिळायला पाहिजे. हा आपल्याकडचा कायदा नाही, पण स्वतःला विचारायला हा प्रश्न फार कामाचा आहे. पहिला आठवडा-दोन आठवडे कंपनी तुम्हाला देते जास्त आणि घेते कमी, शिकवणाऱ्याचा वेळ जातोच, तेव्हा पैसे नसले तरी समजून घेता येईल. तिसऱ्या महिन्यात तुम्ही एकटे कस्टमरचे फोन घेताय, रात्री आठपर्यंत थांबताय आणि स्टायपेंड शून्य, तर मग "सर, आता मी पूर्ण काम बघतोय, काही मानधन ठरवूया का" असं सरळ विचारा. यात उद्धटपणा काही नाही.

पैसे ठरलेले हवे असतील तर अप्रेंटिसशिपकडे जरूर बघा. २०१९ मध्ये अप्रेंटिस कायद्याखालचे नियम बदलले तेव्हा ३० किंवा त्याहून जास्त माणसं असलेल्या आस्थापनांना आपल्या मनुष्यबळाच्या २.५ ते १५ टक्के अप्रेंटिस घेणं बंधनकारक केलं, आणि किमान स्टायपेंड डिप्लोमावाल्यांना ८,००० आणि पदवीधरांना ९,००० रुपये महिना ठरवला. केंद्र सरकार यातला काही वाटा स्वतः उचलतं म्हणून कंपनीलाही परवडतं. यात एक लक्षात ठेवायचं, कायद्याच्या भाषेत अप्रेंटिस हा कामगार नसून शिकाऊ आहे, आणि ट्रेनिंग संपल्यावर नोकरी द्यायचं बंधन कंपनीवर नसतं, करारात तसं लिहिलेलं असेल तरच.

सरकारी इंटर्नशिप योजनांबद्दल सगळ्यात जास्त गैरसमज आहेत. महाराष्ट्राची मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना, जिला लोक लाडका भाऊ म्हणतात, ती २०२४ मध्ये आली तेव्हा ६ महिन्यांच्या प्रशिक्षणाला बारावी पास असेल तर ६,०००, आयटीआय किंवा डिप्लोमा असेल तर ८,००० आणि पदवीधरांना १०,००० रुपये महिना विद्यावेतन होतं. केंद्राची पीएम इंटर्नशिप योजना ऑक्टोबर २०२४ मध्ये पायलट, म्हणजे प्रायोगिक, म्हणून सुरू झाली, देशातल्या टॉप ५०० कंपन्या, १२ महिने, महिना ५,००० रुपये आणि एकदाच मिळणारे ६,०००, वयाची अट २१ ते २४, असं तेव्हा होतं. आता महत्त्वाचं, दोन्ही योजना शिक्षण संपलेल्यांसाठी आखल्या होत्या, रेग्युलर कॉलेज चालू असलेली मुलं त्यात बसत नव्हती. त्यामुळे सेकंड इयरला असताना फॉर्म भरून वाट बघत बसण्यात अर्थ नाही, आणि पदवी झाल्यावर मात्र पहिल्या काही महिन्यांत रिकामं बसण्यापेक्षा हा पर्याय नक्की बघावा, अर्ज करताना त्या वेळच्या अटी अधिकृत पोर्टलवरच वाचा, कोणाच्या तरी फॉरवर्डवर जाऊ नका.

आणि फसवणूक. इंटर्नशिप द्यायचे पैसे घेतात तिथे थांबा. रजिस्ट्रेशन फी, ट्रेनिंग किट, लॅपटॉपचं डिपॉझिट, "सीट कन्फर्म करायला ४९९", नावं वेगळी पण प्रकार एकच. पैसे घेऊन शिकवणं वाईट नाही, क्लासवाले तेच करतात आणि उघडपणे करतात, पण त्याला इंटर्नशिप म्हणायचं नाही. तसंच ओरिजिनल मार्कशीट कुठेही जमा करायची नाही, झेरॉक्स द्या, ओरिजिनल दाखवा आणि परत घ्या. ओटीपी आणि बँकेचं लॉगिन तर कोणालाच नाही. तुमच्या बँक खात्यात पैसे येतील ते पुढे पाठवा असं "काम" कोणी दिलं तर लगेच बाहेर पडा, कारण ते चोरीचे पैसे असू शकतात आणि पोलीस आधी तुमच्याकडे येतील.

मुलींसाठी आणि त्यांच्या आईवडिलांसाठी एक गोष्ट ठळकपणे सांगायची आहे. कामाच्या ठिकाणी लैंगिक छळाविरुद्धचा २०१३ चा कायदा इंटर्नलाही लागू होतो. त्या कायद्यातल्या कर्मचारी या व्याख्येत ट्रेनी आणि अप्रेंटिस यांचा स्पष्ट उल्लेख आहे, पगार मिळत असो वा नसो. १० किंवा जास्त माणसं असतील तर त्या ऑफिसात अंतर्गत समिती असायलाच पाहिजे, आणि त्याहून छोटं ऑफिस असेल तर जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे तक्रार करता येते, साधारण ३ महिन्यांच्या आत. "मी तर इंटर्न आहे, माझं कोण ऐकणार" असं वाटून कित्येक मुली गप्प बसतात, सर्टिफिकेट अडकेल म्हणून घाबरतात. कुठलंही सर्टिफिकेट एवढं मोठं नाही. पहिल्या दिवशीच विचारून घ्या की समितीत कोण आहे, यात विचित्र काही नाही, चांगल्या ऑफिसात ते भिंतीवर लावलेलं असतं.

आता मिळवायची कशी. पोर्टलवर शंभर ठिकाणी एकच बायोडेटा टाकण्यापेक्षा आपल्या गावातल्या, जिल्ह्यातल्या दहा जागांची यादी करा आणि प्रत्येकाला वेगळा मेसेज लिहा. त्यात "रिस्पेक्टेड सर, आय अ‍ॅम अ हार्डवर्किंग स्टुडंट" असलं काही नको. साधं लिहा, "सर, मी टीवायबीकॉमला आहे, टॅली आणि एक्सेल येतं, टूबी रिकन्सिलिएशन शिकायचंय, मे आणि जून रोज १० ते ५ येऊ शकतो, सुरुवातीला फायलिंग आणि डेटा एन्ट्री करायची पण तयारी आहे". यात समोरच्याला तीन गोष्टी कळतात, काय येतं, काय पाहिजे, कधी येणार, आणि बहुतेक अर्जांत नेमकं हेच नसतं. उत्तर नाही आलं तर आठ दिवसांनी जाऊन भेटा. फक्त सीएच्या ऑफिसात रिटर्नच्या तारखांना आणि दुकानात दिवाळीच्या तोंडावर जाऊ नका, तेव्हा माणसाला मान वर करायला वेळ नसतो.

काम सुरू झालं की रोज रात्री चार ओळी लिहून ठेवा, आज काय केलं, काय चुकलं, कोणी काय सांगितलं. नंतर इंटरव्ह्यूमध्ये "तिथे काय केलंस" असं विचारतात तेव्हा "अकाउंट्सचं काम बघितलं" म्हणणारा आणि "दोन महिन्यांत साधारण तीस क्लायंटचे टूबी जुळवले, त्यात सगळ्यात जास्त चुका बिल नंबरच्या निघायच्या म्हणून मी एक्सेलमध्ये आधी नंबर साफ करायचा फॉर्म्युला केला" म्हणणारा, यात कोणाला घेतील ते सांगायला नको. पण क्लायंटची नावं, आकडे, फाइल्स बाहेर न्यायच्या नाहीत, स्वतःच्या ईमेलवर पाठवायच्या नाहीत, ऑफिसमधला स्क्रीन इन्स्टावर टाकायचा नाही. हा भरवशाचा भाग आहे आणि तो एकदा तुटला की सगळं काम वाया.

सुरुवातीचे दिवस कंटाळवाणे जातात, झेरॉक्स काढा, फाइल लावा, चलन भरून आणा. यात अपमान वाटून घेऊ नका, फाइल लावताना ती उघडून वाचायची परवानगी मागा, बहुतेक लोक हो म्हणतात आणि तिथूनच शिकणं सुरू होतं. तीन आठवड्यांनीही फक्त झेरॉक्सच चालू असेल तर मात्र स्पष्ट बोला, की मला अमुक एक काम शिकायचंय, रोज एक तास मिळेल का. तरीही काही बदललं नाही तर नीट सांगून, हातातलं काम पूर्ण करून निघा.

जाताना पत्र घ्या, पण "त्यांची वर्तणूक चांगली होती" एवढ्याच मजकुराचं नको. कुठल्या तारखेपासून कुठपर्यंत, कोणाच्या हाताखाली, कोणतं काम स्वतः केलं आणि कोणत्या सॉफ्टवेअरवर किंवा मशीनवर, हे त्यात आलं पाहिजे. हवं तर मसुदा तुम्हीच टाइप करून न्या, साहेबांना वेळ नसतो, ते वाचून सही करतील. त्यांना विचारून ठेवा की पुढे कुठे अर्ज केला तर तुमचा नंबर देऊ का. आणि नोकरी लागली किंवा पुढे अ‍ॅडमिशन झालं की त्यांना कळवा, "सर, तुमच्याकडे जे शिकलो त्यावरच इंटरव्ह्यूत दोन प्रश्न आले", आणि जमलं तर त्याच मेसेजमध्ये तुमच्या कॉलेजमधल्या खालच्या वर्गातल्या एखाद्या चांगल्या मुलाचं किंवा मुलीचं नाव सुचवा, छोट्या ऑफिसांना दर उन्हाळ्यात कोणीतरी हवंच असतं, फक्त कोणाला विचारायचं ते त्यांना माहिती नसतं.